मागच्या सीटवरचा खळगा

गाडी आली तेव्हा ती आपल्या लेकीला, भोपळीला, मांडीत दाबून तिच्या वेण्या घालत होती. तोंडात रबरबँड, कुशीत ओढाताण, आणि समोर अर्धवट शिवलेली कुणाच्यातरी टॅक्सीची सीट. पुढे सीटा शिवायची शेड आणि मागे घर असलं की बाईच्या जातीला दोन्हीकडचं एकाच वेळी बघावं लागतं.

"उठ गं आता, मांडी बधिर झाली माझी," ती रबरबँड धरलेल्या दातांतून म्हणाली. पोर नावासारखीच होती. कुणाच्याही मांडीवर धपकन बसायची, आणि बसली की माणूस जागचा हलायचा नाही. आजोबा म्हणायचे, हिला पेपरवेट म्हणून ठेवू.

शेडच्या दारात रोज उन्हाचा एक चौकोन पडायचा, तो अचानक झाकला गेला. हॉर्न नाही, ब्रेकची किंकाळी नाही. लांबलचक, जवळजवळ काळी वाटावी इतक्या गडद हिरव्या रंगाची गाडी येऊन उभी होती. इंग्रजी घडणीची, जुनी. पुढची उंच जाळी पुसून पुसून कडांना बोथट झालेली, दिवे मोठे आणि गोल, बघणाऱ्याकडे थोडं खालच्या मानेने पाहणारे. आजकालच्या गाड्या अंगावर येतात. ही जणू चपला बाहेर काढून आत येऊ का विचारत होती.

तिचे सासरे दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असत. हात थरथरायला लागल्यापासून सुई त्यांनी सुनेच्या हाती दिली होती. मुलाला शिकवून पाहिलं होतं, पण त्याला सुई दिली की बोटात जायची. तो शेवटी बसवर ड्रायव्हर झाला. सासऱ्यांना आता नीट दिसतही नव्हतं. त्यांनी कान टवकारले.

"दार ऐकलंस, सूनबाई? नव्या गाड्यांची दारं आपटतात. हे मिटलं."

गाडीतून ड्रायव्हर उतरला होता. वयस्कर, टोपी घातलेला. त्याने मागचं डावं दार उघडलं, नजर खाली ठेवून बाजूला उभा राहिला, जरा थांबला आणि हलक्या हाताने दार लावलं. मग वळसा घालून त्याने उजवं दार उघडलं. त्यातून एक म्हातारी बाई उतरली. डाव्या दारातून कोणीच उतरलं नव्हतं.

मोठ्या घरचे रिवाज, तिने मनात म्हटलं.

बाई ठेंगणी होती, पाठ मात्र पट्टीसारखी ताठ. "बाळा, चामडं सुकलंय गं," ती म्हणाली. "सगळीकडे तडे गेलेत. नवं कर. लाकडाला हात लावू नकोस, ते आमच्या ह्यांनी स्वतः निवडलेलं."

तिने आत वाकून पाहिलं. जुन्या चामड्याचा, मेणाचा आणि बंद कपाटाचा वास आला. अक्रोडाच्या लाकडाची पट्टी मधासारखी चमकत होती. पुढच्या सीटांच्या पाठीला घडीची छोटी टेबलं, छताला लोकरीचं कापड, कोपऱ्यात वाचायचा दिवा. डॅशवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, आणि ती टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती इतकं त्या गाडीत सगळं शांत होतं.

"पुढच्या दोन्ही कर, मागचीही कर," बाई म्हणाली. "फक्त हे असंच राहू दे." मागच्या सीटच्या डाव्या बाजूवर तिने हात ठेवला नाही, नुसता वर धरला, झोपलेल्या मुलावर धरावा तसा.

तिथे चामड्यात एक खळगा होता. लहानसा.

"चामडं बदल हवं तर. पण आकार मोडू नकोस. जमेल?"

"जमेल की," ती म्हणाली. कारागिराला 'जमेल?' विचारलं की दुसरं उत्तर तोंडातून निघतच नाही.

बाई सासऱ्यांशी बोलायला गेली तेव्हा ड्रायव्हरने हळूच सांगितलं. "बाईंना मुलगी होती, ताई. तुमच्या ह्या पोरीएवढीच असेल. तापात गेली, फार वर्षं झाली. गाडी साहेबांनी तिच्यासाठीच घेतली होती. तिला गाडीत चित्रं काढायची असायची, आणि ही गाडी चालताना रेघ हलत नाही. ते घडीचं टेबल आहे ना, ते तिचं."

"आणि तुम्ही ते दार..."

"सवय," ड्रायव्हर म्हणाला आणि टोपी सारखी करू लागला.

पुढच्या सीटा झाल्या. मग तिने मागची सीट काढून फळ्यांवर घेतली आणि डाव्या बाजूचं चामडं उसवलं. खाली कापूस, त्याखाली घोड्याचे केस, त्याखाली गोणपाट, सगळ्यात खाली स्प्रिंगा. जुनी माणसं अशीच भरायची सीट, थरावर थर. खळगा प्रत्येक थरात होता. त्याचं तिला नवल वाटलं नाही. इतकी वर्षं दबलेलं असणारच.

नवल वाटलं ते स्प्रिंगांचं. वरचं सगळं ओझं काढल्यावर बाकीच्या स्प्रिंगा ताठ झाल्या. खळग्याखालच्या तशाच दबलेल्या राहिल्या. गंज धरला असेल म्हणून तिने बोट लावलं. गंज नव्हता, तेलकट स्वच्छ तार होती. वर काही नव्हतं, तरी तार ताणलेली होती. कोणी बसलं की खालून जशी लागते, तशी. तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"बाबा, स्प्रिंग दबूनच राहिली तर?"

"म्हातारी झाली म्हणायचं," सासरे म्हणाले. "माझ्यासारखी."

तेवढ्यात भोपळी धावत आली आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या उघड्या सीटवर, नेमकी त्याच जागी, धपकन बसली.

"आई! माझ्या मापाचं आहे!"

खरंच होतं. पायांच्या मागच्या बाजूपासून कंबरेच्या गोलाईपर्यंत, साच्यात घातल्यासारखी बसली होती पोर. तिने भोपळीला दंडाला धरून उचललं, जरा जास्तच जोरात. पोर रडली.

त्या दुपारी तिने खळगा भरला.

का भरला, हे तिला पुढे किती वेळा स्वतःला विचारावं लागलं. हातांची खोड म्हणावी तर ती होतीच. उंचसखल दिसलं की कुशनवाल्याचे हात शिवशिवतात. त्या म्हातारीला रोज रोज हे कशाला बघावं लागावं, असंही तिने स्वतःला सांगितलं. पण खरी गोष्ट एवढीच होती की तो खळगा तिच्या लेकीच्या मापाचा होता आणि तिला तो नजरेसमोर नको होता. उघड्या विहिरीवर फळी टाकावी तसे तिने नवे केस पिंजून भरले, थापले, वर कापूस, वर चामडं, आणि वाकड्या सुईने कड शिवून टाकली. शेवटचा टाका ओढला तेव्हा आतून स्प्रिंगा वर आल्याचा आवाज झाला. हलका, सुस्कारा सोडल्यासारखा. नंतर शेड एकदम रिकामी वाटली. पाहुणे गेल्यावर घर वाटतं तशी.

बाई आणि ड्रायव्हर गाडी न्यायला आले, तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे डावं दार उघडलं. नजर खाली ठेवली. थांबला.

थांबूनच राहिला.

उजवीकडून बाई आत बसली होती. "लाव ना दार," ती म्हणाली.

"बाई..." ड्रायव्हरचा हात मुठीवरून निघेना. "अजून कोणी बसलं नाही."

बाईने हात पुढे केला आणि सीटवर ठेवला. नवं चामडं गुळगुळीत, ताठ, कोपऱ्यापर्यंत एकसारखं. बाईची पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली.

"सपाट केलंस," ती म्हणाली. रागावली नाही. मग शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "काम फार सुबक झालंय हो." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाडी ठेवून जा, बाई," ती पटकन म्हणाली. "होता तसा करून देते. शब्द देते."

"माझ्याकडे तेवढंच होतं गं," बाई म्हणाली, आणि ड्रायव्हरचा हात धरून पायी निघाली.

तिने वाळूची पिशवी ठेवून पाहिली. दगड ठेवून पाहिला. वजन काढलं की केस पुन्हा फुगून वर यायचे. सासरे खुर्चीतून ऐकत होते.

"दगडाने केस दबतो, बसत नाही," ते म्हणाले. "त्याला अंगाची ऊब लागते. जिवंत वजन. पूर्वी मालक यायचा, रोज येऊन आपल्या सीटवर बसून जायचा, तेव्हा कुठे बैठक धरायची."

मालक कुठून आणायचा? तिने मागे वळून पाहिलं. भोपळी टेबलाखाली बसून धाग्यांचे गोळे करत होती.

आता तिला भीती नव्हती, असं नाही. पण बाईची वाकलेली पाठ डोळ्यांसमोरून जात नव्हती. आणि तिचं चुकलं होतं. चुकलेलं काम करून द्यायचं, ही तर त्या घरातली पहिली शिकवण. तिने सीट परत गाडीत बसवली, कड उघडीच ठेवली आणि भोपळीला डावीकडे बसवून पुढचं घडीचं टेबल उघडून दिलं. पोरीला स्वर्ग दोन बोटं उरला. रंगखडू, बाहुली, दुधाचा कप सगळं गाडीत गेलं. दुपारची झोपही तिथेच. गाडी उभी असायची, तरी झोपेत पोरीची मान हळूहळू डुलायची, लांबच्या प्रवासात डुलते तशी.

"कंटाळत नाहीस गं एकटी?" तिने एकदा विचारलं.

"एकटी कुठे?" भोपळी खडूवरून मान वर न करता म्हणाली. "ती रेघा छान काढते."

लहान मुलं बोलतात असं. सगळीच बोलतात. तिने कागद उचलून पाहिला नाही.

हळूहळू केसांनी आकार धरला. पोर उठली तरी खळगा तसाच राहू लागला. तिने हात लावला, तर ऊब होती. पोर तर केव्हाची अंगणात खेळत होती. तिने घाईघाईने कड शिवून घेतली.

या वेळी ते गाडी न्यायला आले, तेव्हा ड्रायव्हरने डावं दार उघडलं, थांबला आणि कोणाला तरी वाट द्यावी तसा किंचित मागे सरून दार मिटलं. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. बाईने आत बसून हात ठेवला आणि डोळे मिटले.

"हं," एवढंच म्हणाली. मग खिडकीतून तिचा हात धरून म्हणाली, "पोरी, तुझं कल्याण होवो."

गाडी निघाली. ती बघत राहिली. मागून पाहताना गाडी डाव्या अंगाला जराशी कललेली वाटली.

पहिल्यांदा लक्षात आलं ते नवऱ्याच्या. बसची पाळी संपवून तो घरी आला, नेहमीसारखं भोपळीला वर उचललं आणि हसला. "काय गं, उपाशी ठेवतेस काय पोरीला? ही तर पतंग झालीय."

"खाते की चांगली. तुझ्या वाटचंसुद्धा."

खातही होती. पण सकाळी अंथरूण आवरताना तिला दिसू लागलं की चादरीवर सुरकुती नाही. उशीला डोक्याची खूण नाही. पोर रात्रभर लोळून उठायची आणि गादी इस्त्री केल्यासारखी. ही गादी तिने स्वतः भरलेली होती. कुठे किती दबते ते तिच्या हातांना पाठ होतं.

तिने पोरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. "वजन अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "ठणठणीत आहे मुलगी. तुम्हीच जरा झोप घेत चला."

दवाखान्याच्या बाकावर तिने भोपळीला मांडीवर घेतलं. पोरीच्या केसांचा वास आला, गुडघ्यावरची खपली दिसली, कोपर बरगडीत रुतलं. मांडीला मात्र काहीच कळलं नाही. काटा पोरीला ओळखत होता, मांडी ओळखत नव्हती. किती वेळ बसली तरी बधिर होईना. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं हो, रडताय का?" तर तिने पोरीला आणखी घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी ती भोपळीला घेऊन बाईच्या घरी गेली. मनाशी ठरवून गेली होती: कशीही करून सीट परत आणायची.

गाडी पोर्चमध्ये सावलीत उभी होती. मागची काच खाली होती. "बाई हल्ली दुपारी गाडीतच बसतात," ड्रायव्हर म्हणाला. "तब्येत सुधारलीय. जेवतात नीट."

बाई आत उजवीकडे बसली होती. मांडीवर चित्रांचं पुस्तक. डावीकडचं घडीचं टेबल उघडं.

"अगं, ये ये! आणि ही तुझी का? गोड आहे."

"बाई, हिला एकदा तिथे बसवू?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "फक्त एकदा."

बाईने जराशी मान तिरपी केली. "बसव."

तिने डावं दार उघडलं. भोपळीला उचललं. हातांत नुसता फ्रॉक असावा तशी ती उचलली गेली. खळग्यावर ठेवली.

भोपळी लगेच उठली.

"आई, इथे जागा नाही."

"बस गं राणी. तुझीच जागा आहे ना ती?"

"नाही ना! ती बसलीय." आणि पोर समजूतदारपणे सरकून मध्ये बसली. तिच्याखालचं चामडं तसूभरही खाली गेलं नाही.

तिने खळग्यात हात घातला. चामडं ऊबदार होतं. ती आणखी वाकली, दोन्ही हात घातले, आणि हातांना वजन लागलं.

ते वजन तिने ओळखलं.

न्हाऊ घातलेलं, झोपेत जड झालेलं, खांद्यावर टाकून जिन्याने वर नेलेलं वजन. आई झाल्यापासून तिच्या हाडांना माहीत असलेलं. तिने काखेत हात घालून उचलावं तसं उचलायला पाहिलं. हात रिकामे वर आले.

परत घातले. परत रिकामे.

"हळू," बाई म्हणाली. "झोपलीय आत्ताच."

ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. डॅशवरचं घड्याळ टिकटिक करत होतं.

सीट फाडावी, असं तिच्या मनात आलं. कातर पिशवीत होती. पण एकदा तिने हा खळगा सपाट केला होता, तेव्हा त्यात बसलेलं पोर कुठे गेलं, हे आजवर कुणाला कळलेलं नव्हतं. ते परत आलं का, की आता तिथे नुसती भोपळीच होती, तेही कळायला मार्ग नव्हता. आता सपाट केला, तर कोण जाईल? तिने कातर तशीच राहू दिली.

"एक विचारायचं होतं बाळा," बाई म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता, कित्येक वर्षांनी आला असावा असा. "जरा घट्ट होतंय हिला हल्ली. पुढच्या खेपेला थोडं वाढत्या अंगाचं करून देशील?"

तिची मान होकारात हलली. नाही म्हटलं असतं, तर खळग्यातलं ते पोर तिथे अवघडून बसलं असतं, आणि वाढायचं त्याला होतंच.

त्यानंतर गाडी शेडमध्ये आली. तिने कड उसवली, केस बाजूला सारले, खळगा रुंद केला, पुढे पायांसाठी उतार दिला. सासरे खुर्चीतून म्हणाले, "कोणाच्या मापाने करतेयस, सूनबाई? मालक तर बसला नाही."

"मला माप ठाऊक आहे, बाबा," ती म्हणाली, आणि टाके सैल घातले, पुढे सोडता यावेत असे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिने कपाटातून भोपळीचा गणवेश काढला. गेल्या वर्षी मुद्दाम खाली रुंद दुमड घालून शिवलेला, यंदा उसवून लांब करायचा म्हणून. कात्री घेऊन ती खाली बसली आणि भोपळीला म्हणाली, घालून दाखव.

भोपळीने घातला. खालची कड गुडघ्यावर आली, गेल्या वर्षी आली होती तिथेच. बाही मनगटापाशी, खांदे खांद्यांवर.

भोपळी आरशासमोर गोल फिरली. "बघ आई," ती आनंदाने म्हणाली, "मला अजून होतो!"